आरतीतला थांबा

शेवरखोलात गणपतीच्या दिवसांत पहिल्यांदा आलेला पाहुणा आरतीला उभा राहिला, की एका जागी हमखास फसतो. झांजा चढलेल्या असतात, मृदंग रंगात आलेला असतो, माणसं डोळे मिटून टाळ्या देत असतात आणि मध्येच सगळं थांबतं. ओळ अर्धी राहते. पाहुण्याच्या दोन टाळ्या एकट्याच वाजतात आणि शेजारचे हसू दाबतात.

मग घरचा कर्ता माणूस देवाकडे पाठ करतो. होय, देवाकडेच. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून तो विचारतो, "काय गो, हाक मारलंस?" आतून उत्तर आलं की मगच आरती पुढे चालते. देव तोवर थांबतो. शेवरखोलच्या देवाला त्याची सवय आहे.

कापूर जळत असताना घरचा कर्ता हे काय विचारतो, असं बाहेरचे विचारतात. त्यांना ओटीवर बसवून, चहा देऊन जे सांगतात ते असं आहे.

गोष्ट फार जुनी. गावात तेव्हा सतरा घरं होती आणि खाडीवर पूल नव्हता, एवढंच ठाऊक आहे. त्या सतरा घरांत मृदंग एकच होता आणि तो वाजवणारा रवळू. त्याचा हात फार हलका होता म्हणे. बोट कातड्याला लागलं की नाही ते दिसायचं नाही, नाद मात्र खाडीपलीकडे जायचा.

त्याची बायको आवडी. त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची रीत नव्हती. दिवस दिवस दोघांत शब्द होत नसे. रवळू ओटीवर मृदंगाचा सराव करत बसायचा आणि आवडी भिंतीपलीकडे चुलीपाशी. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय तो घुमत नाही. ती कणीक आवडी मळायची, गोळा उंबरठ्यावर ठेवायची आणि मान वर न करता आत जायची.

एक दिवस रवळूनं एक छोटा तुकडा वाजवला, तर आतून टोपाच्या काठावर पळीनं तोच तुकडा परत आला. तो थबकला. पुन्हा वाजवला, जरा वाकडा करून. आतून तसाच वाकडा आला.

सासू म्हणाली, "काय गो, टोप फोडतंस काय?"

"पळीक भात चिकटलो, तो झटकतंय," आवडी म्हणाली.

रवळूनं हसू लपवायला मृदंगावर डोकं टेकलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं भिंतीतून चालू झालं. त्यानं विचारायचं, तिनं पळीनं उत्तर द्यायचं. कधी ती रुसलेली असली तर उत्तर उशिरा यायचं, कधी आधी तिचीच पळी वाजायची. घरात कुणाला कळलं नाही. सासू मात्र वर्षभर भाताला नावं ठेवत होती, की हा इतका कसा चिकटतो.

अशी चारपाच वर्षं गेली. मग तो गौरीचा दिवस आला.

त्या दिवशी आरतीच्या मंडळींचं जेवण रवळूच्या घरी होतं. तीस माणसं. घरातल्या बायका आणि मुली गौर आणायला व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, गेल्या होत्या, आवडी एकटी चुलीपाशी होती. बाहेर दाजी बुवांनी आरती धरली. हे दाजी रवळूचे चुलतभाऊ, वयानं मोठे, गळा खडा. झांजा सुरू झाल्या, रवळूनं मृदंग मांडीवर घेतला.

दुसऱ्या आरतीच्या सुमाराला त्याला आतून पळी ऐकू आली.

एवढ्या झांजांत दुसऱ्या कुणाला ती ऐकू आली नाही. त्याला आली. त्याचा कान पाच वर्षं तिकडेच लागलेला होता. पळी जलद वाजत होती, फार जलद, अशी ती कधी वाजवत नसे. रवळूला वाटलं, आज घरात कुणी नाही, म्हणून हिला मोकळं सापडलंय. त्यानं ती लय उचलली. त्याची बोटं कधी नव्हती अशी धावली. दाजी बुवांनी गाता गाता वळून पाहिलं. मग पळी हळू झाली, तसा रवळूनं मृदंग हळू केला, आणि मंडळींच्या अंगावर काटा आला. पळी थांबली, तो थांबला. दोन टोले पडले, त्यानं ते दोन टोले घुमवून परत दिले. पुन्हा बराच वेळ काही नाही. मग एक टोला आला, अगदी बारीक. त्या एका टोल्यावर रवळूनं अशी समेची जागा घेतली, की झांजवाले झांजा वाजवायला विसरले.

त्यानंतर पळी वाजली नाही. आरती संपली. रवळू कपाळावरचा घाम पुसत हसत हसत आत गेला. तिला म्हणणार होता, आज तू मला हरवलंस.

आवडी भिंतीच्या कडेला पडली होती. भात वेळताना, म्हणजे शिजलेल्या भातातली पेज गाळताना, टोप कलंडून उकळती पेज दोन्ही पायांवर गेली होती, गुडघ्यांपासून खाली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. मग ती सरपटत भिंतीपाशी आली होती आणि हातात राहिलेली पळी पालथ्या वेळणीवर, टोपाच्या झाकणावर, मारत होती. पळी अजून हातातच होती.

डोळे उघडून ती पहिलं वाक्य बोलली ते असं सांगतात, "भात वाचलो हा. पेज तेवढी गेली. मंडळींका वाढा."

बायका धावत आल्या. कोरफड आणली, केळीची पानं आणली. सासू कपाळ बडवून ओरडली, "अरे, तीस जण बाहेर बसले होते, एकाच्याही कानात गेला नाय?" तेव्हा आवडी म्हणाली, "मृदंगाच्या आवाजात कुणाक ऐकाक येतला?"

सगळ्यांनी मान डोलावली. खरंच होतं. कुणाचा दोष नव्हता.

रवळू दारात उभा होता. त्यानंही मान डोलावली.

त्याच संध्याकाळी दाजी बुवा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट झाला रे. पण एक सांगतंय, आज तू जा वाजवलंस ना, ता माणसाचा काम नाय. देव हातात उतरलो होतो."  रवळूनं तेव्हा खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याला दोन वाक्यं लागली असती. महिन्यानं तर तोंड कुठून उघडायचं तेच त्याला उमगेना.

आवडी वाचली, पण पायांची कातडी आवळून आली. उभं राहून चालणं तिला पुन्हा जमलं नाही. पाटावर बसून, हातांनी पाट सरकवत ती घरात फिरायची. रवळू पाणी भरायला लागला, सरपण फोडायला लागला, तिला उचलून सकाळच्या उन्हात घरामागच्या परड्यात बसवायला लागला. माणसं हसायची. "रवळून मृदंग सोडून कळशी घेतल्यान रे," म्हणायची. आवडीच उलट म्हणायची, "कशाक एवढा करतास? तुमचो काय दोष?"

ती हे बोलली, की रवळू कळशी उचलून पाण्याला निघायचा. तिला खरंच काही माहीत नाही, असं त्याला वाटायचं. आणि कळलं तर ती आपलं तोंड बघणार नाही, असंही वाटायचं. पाच वर्षांत त्या भिंतीतून जेवढं बोलणं झालं, ते सगळं त्या एका दिवशी आपण मोडलं, हे तो कुणाला सांगणार? तो जेवायला बसायचा, ती गरम भाकरी ताटात टाकायची आणि तो अर्ध्या भाकरीवर उठायचा. ती अर्धीही पाण्याबरोबर उतरवायचा. पळी आता फक्त आमटी ढवळायची. वर्षभर त्यानं मृदंगाला हात लावला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा गौर आली. मंडळी पुन्हा त्यांच्याच घरी आली. "आवडीवयनीच्या हातची भाकरी होयी," म्हणून आली. गावातल्या माणसांचं प्रेम असं असतं. दाजी बुवांनीच मृदंग आणून रवळूच्या पुढ्यात ठेवला. उंबरठ्यावर कणकेचा गोळा होता. वर्षानं तो तिथं दिसला. रवळूनं तो उचलला तेव्हा अजून ओला होता आणि त्यावर तिच्या बोटांचे ठसे होते.

आरती सुरू झाली. एक झाली, दुसरी धरली. तेवढ्यात दाजी बुवा वाकून म्हणाले, "रवळू, गेल्या वर्षीची ती लय घे. तीच. माणसा वर्षभर ती आठवतत."

रवळूच्या बोटांना ती पाठ होती, त्यानं नको म्हणायच्या आत बोटं धावली. जलद, मग हळू. मंडळींनी डोळे मिटले. दोन टोल्यांची जागा आली, त्यानं ते वाजवले. मग ती मोकळी जागा आली, जिच्यात गेल्या वर्षी तो तिच्या एका टोल्याची वाट पाहत हसत बसला होता.

त्याचे दोन्ही हात कातड्याच्या वर तसेच राहिले.

झांजा एकेक करून बंद पडल्या. कुणी तरी म्हणालं, "काय झाला?" दाजी बुवा म्हणाले, "ओढ की रे पुढे!"

"माझी नाय ही लय," रवळू म्हणाला. "ती भाजलेली, आत पडान पळी मारी होती. माका ऐकाक येत होता. माका वाटला, खेळता माझ्याबरोबर. मी त्येच्यावर वाजवलंय."

"काय बरळतंस?"

"वाजवलंय, दाजी. तुमी वा वा केलात."

 कापूर जळून संपला. रवळूनं देवाकडे पाठ केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून, मोठ्यांसमोर बायकोशी न बोलायची रीत मोडून, पहिल्यांदा तिला तोंडानं विचारलं.

"गो, हाक मारलेलंस मा तू माका?"

आत आवडी भाकरी थापत होती. थापायचा आवाज चालूच राहिला. ती भाकरी तिनं पुरी केली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. सगळ्यांना तो तव्याचा आवाज ऐकू येत होता. रवळूचे हात अजून हवेतच होते. भाकरी निखाऱ्यावर फुगली, तिनं ती टोपलीत ठेवली आणि मग ती बोलली.

"होय."

मग पुढचा गोळा हातात घेत म्हणाली, "मी हात हळू केलंय, तसो मृदंग हळू झालो. मी थांबलंय, तसो तो पण थांबलो. तुमका ऐकाक येता, ह्या माका तेवाच कळला."

सासू दारात बसली होती, तिनं तोंडाला पदर लावला. दाजी बुवा म्हणाले, "मगे वर्षभर बोललंस नाय ती?"

"मी कशाक बोलू? ता त्येंनी सांगाचा होता."

एवढंच. रागावली का, म्हणाल, तर तसं कुणी सांगत नाही. माफ केलं का, तेही कुणी सांगत नाही. सांगतात ते इतकंच, की ती म्हणाली, "आता आरती पुरी करा. भाकऱ्यो निवतत. आणि ह्याच्या फुडे मदी थांबा आणि ईचारा. देव काय खय जाणा नाय."

रवळूनं आरती पुरी केली. त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि जेवता जेवता रडला, असं म्हणतात.

दाजी बुवा घरी गेले, पण त्यांना काही चैन पडेना. आपण आजवर कशाकशाला ताल समजलो असू, याचा त्यांना घोर लागला. दुसऱ्या दिवशी आपल्या घरच्या आरतीत ते मध्येच थांबले आणि आत विचारलं, "काय गो, हाक मारलंस?" आतून बायको म्हणाली, "तीन वर्सा मारतंय. पाठ दुखता माझी." मंडळी हसली. पण बुवा त्याच पावली आत गेले आणि शेवटच्या दोन भाकऱ्या त्यांनी स्वतः शेकल्या, करपवल्या आणि खाल्ल्या. मग तिसऱ्या घरात, चौथ्या घरात, असं करत सतराही घरांत विचारणं सुरू झालं.

रवळू आणि आवडी पुढे पुष्कळ वर्षं जगली. दर वर्षी गौरीच्या दिवशी तो मृदंग थांबवायचा आणि विचारायचा. ती दर वर्षी उत्तर द्यायची, "नाय, वाजवा." पण लगेच द्यायची नाही. आधी हातातली भाकरी पुरी करायची, तव्यावर टाकायची, उलटायची, फुगवायची. तेवढा वेळ तो हात वर धरून बसायचा. म्हातारपणी त्याचे हात थरथरायचे. सुना म्हणायच्या, आत्ये, सांगा की लवकर. ती तो वेळ कधी कमी करत नसे आणि तोही कधी हात खाली घेत नसे.

म्हणून शेवरखोलात आजही आतली बाई लगेच बोलत नाही. घरात गॅस आला, कुठे भाकरीच्या जागी चपात्या आल्या, तरी रीत तीच; मुंबईहून आलेल्या नव्या सुनेला काही ठाऊक नसतं, तर जाऊ तिचा हात धरून तिला थोपवते. एक भाकरी होईल एवढा वेळ जाऊ द्यायचा. बाहेर पुरुष हात वर धरून उभे असतात, कुणी कुणाकडे बघत नाही, आणि त्या तेवढ्या वेळात ज्याला त्याला आपापलं आठवतं.