बावीस ते सव्वीस

“मग यात माझं चुकलं काय, वस्ताद?” विश्रामने पुन्हा विचारलं.

सखोबा ओताऱ्यांनी चष्मा नाकावर सरकवला. ते त्याचा पेटंटचा अर्ज वाचत राहिले.

विश्राम त्यांच्याच भट्टीवर घंटा ओतायला शिकला होता. मग शहरात जाऊन धातुशास्त्राची पदवी घेऊन आला. शंभर भाग धातूत कथील बावीस ते सव्वीस भाग, बाकी तांबं. अशा प्रत्येक घंटेवर त्याला हक्क हवा होता. अर्ज मंजूर झाला, की गल्लीतल्या इतर ओताऱ्यांना तशी घंटा त्याला विचारल्याशिवाय ओतता येणार नव्हती.

“थोरल्या वस्तादांच्या वहीत काय आहे?” सखोबांनी विचारलं.

थोरले वस्ताद म्हणजे सखोबांचे गुरू. त्यांची वही छापून निघाल्याला चाळीस वर्षं झाली होती.

“अठरा ते चोवीस,” विश्राम म्हणाला. “पण तो नुसता अंदाज. अठरा कुठे आणि चोवीस कुठे. मी मोजूनमापून आकडे काढलेत. शिवाय ते चोविसावर थांबले. मी सव्विसापर्यंत गेलोय.”

“चल.”

अर्ज घेऊन दोघं देवळात आले. सखोबांनी सभामंडपातल्या घंटेकडे बोट केलं.

“वाजव.”

विश्रामने टोल दिला. नाद बराच वेळ घुमत राहिला...

“ही त्यांनी ओतलेली. कथील तेवीस. वहीत आहे, पान एकोणीस.”

ते पान विश्रामने पाहिलं होतं. किरकोळ नोंद समजून उलटलं होतं.

“एकच तर घंटा आहे, वस्ताद. तेवीस सोडून देतो. बाकीचे आकडे माझे.”

“तुझी बाविसाची हिच्याहून वेगळी वाजते? नसेल, तर तिच्यात तुझं नवं काय?”

“...नाही.”

“चोविसाची?”

“नाही.”

“पंचविसाची?”

विश्रामने मान वर केली. “पंचविसाला सगळ्यांची तडकते. माझी तडकत नाही.”

सखोबांनी चष्मा काढला. “का?”

“साचा लगेच फोडत नाही मी. तीन दिवस गरम राखेत पुरून ठेवतो. सावकाश निवते.”

“आणि सव्विसाची?”

“ती... माझीही तडकते.”

“मग लिहिलीस कशाला?”

विश्रामने मान खाली घातली. “जरा भरदार दिसावं म्हणून.”

“राख कुठे लिहिली आहेस?”

त्याने अर्जाची पानं चाळली. पुन्हा पहिल्यापासून चाळली. राख कुठेच नव्हती. एवढ्या साध्या गोष्टीचं काय लिहायचं, असं त्याला वाटलं होतं.

सखोबांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं.

विश्राम पायरीवर बसला. बावीस खोडलं. तेवीस, चोवीस आपोआप गेले. सव्वीसही खोडलं. मग वळणदार अक्षरात पंचवीस लिहिलं आणि त्यापुढे राखेची सगळी कृती, भट्टीवर जशी करायचा तशी. लिहिताना हात कुठे अडला नाही.

लिहून झाल्यावर मात्र तो कागदाकडे बघतच राहिला.

“एवढासा एक आकडा उरला, वस्ताद.”

सखोबा चपला घालत होते.

“माझ्या नावावर तेवढाही नाही.”