बॅटरी बंद कर

"दिसतंय कुठं, आजी? तुम्हीच दाखवा!" डॉ. केळुसकरांनी तिसऱ्यांदा बॅटरी मारली.

"दिसतंय असं मी कधी म्हटलं?" हुसेनबी म्हणाली. "आहे म्हटलं."

टेबलावर पाच महिन्यांची नूरी पाय झाडत होती. शेजारी तिची आई शरीफा. हळियाळच्या रानातल्या सिद्दी वाडीतली ही माणसं. कैक पिढ्यांमागं आफ्रिकेतून आलेली. रंग अजून तसाच, दाट काळा.

हुसेनबी वाडीतली म्हातारी. चाळीस वर्षं तिथल्या बाळांना तेल लावत आली. शाळेत गेली नाही. अक्षरं तेलाच्या डब्यांवरून शिकली. आज सकाळी नूरीला चोळता चोळता तिचा हात थबकला, तशी मायलेकींना घेऊन तिनं थेट दवाखाना गाठला.

"गाठी आहेत म्हणता. मग वर डाग कुठं आहेत?" डॉक्टर चिडले. सुवर्णपदकवाला माणूस. "कातडीत पसरणारा कॅन्सर मी पुस्तकात पाहिलाय. निळेजांभळे डाग उठतात."

"पुस्तकातलं पोर कुठल्या रंगाचं होतं?"

"…गोरं."

"मग तो त्याचा डाग झाला. हिचं सांग."

"आणि पोट?" शरीफानं हळूच विचारलं. "पोट फुगलंय ना, डॉक्टर?"

"गॅस असेल. आणि आजी, मीही हात लावून बघितलंय!"

"लावलास. पण ध्यान सगळं डोळ्यांत होतं."

"म्हणजे काय करू?"

"बॅटरी बंद कर."

"आँ? अंधारात तपासू?"

हुसेनबी पुढं आली. त्यांच्या हातातली बॅटरी घेतली, विझवली, कमरेला खोचली. त्यांचे हातमोजे ओढून काढले. त्यांच्या तळव्यावर बरोबर आणलेलं कोमट तेल ओतलं. मग आपला पदर त्यांच्या डोळ्यांवरून घेऊन मागं गच्च धरला.

"आता खरा साहेब दिसतोस," ती म्हणाली. "चाल. कमरेपासून वर. घाई केलीस तर बोटं मोडीन."

शरीफाला एवढ्यातही हसू फुटलं.

डॉक्टरांची बोटं सरकली. मऊ… मऊ… मग वाटाण्याएवढं काहीतरी टणक, बोटाखालून निसटणारं. पाठीवर आणखी एक. काखेजवळ तिसरं. पाचव्यानंतर त्यांनी मोजणं सोडलं. हात पोटावर आला. उजव्या बरगडीखाली यकृताची कड लागली, बेंबीपर्यंत उतरलेली.

हात थांबला.

हुसेनबीनं पदर सोडला. समोर नूरीची पाठ तशीच होती. काळीभोर, तुकतुकीत, एकसारखी.

"दिसत नाही…" डॉक्टर पुटपुटले.

"तेच तर मघापासून सांगतेय तुला!"

त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मायलेकींबरोबर स्वतःच गाडीत बसले. शहरातल्या मोठ्या इस्पितळात एका गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून निघून कातडीत, यकृतात पसरलेला. पण इतक्या लहान बाळात तो बरेचदा हटतो, तिथले डॉक्टर म्हणाले. पोट आणखी फुगून श्वास कोंडायच्या आत आलात, हे बरं झालं.

थोडं औषध लागलं. बाकी महिनोन्‌महिने नुसती राखण. गाठी विरत गेल्या.

वर्षानं केळुसकर वाडीत आले. शाल, नारळ आणि तेच पुस्तक. गोऱ्या बाळाच्या चित्राशेजारी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : काळ्या कातडीत डाग शोधू नये. हात लावावा. अंगणात नूरी कोंबडीमागं धावत होती. शरीफानं डॉक्टरांचा हात कपाळाला लावला.

डॉक्टर हुसेनबीपुढं वाकले. तिनं पाय आखडले.

"आमच्यात पाया पडत नाहीत. ऊठ!"

"गुरू आहात तुम्ही माझ्या."

"डोंबलाची गुरू! शाल तेवढी ठेव, थंडी आहे. नारळ शरीफाला दे."

"नाही, आजी. आज ऐकणार नाही मी."

"अरे, भुतासारखा हट्टी आहेस की!"

"बरं, मग तुम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव सांगा. त्यांच्या पाया पडतो आणि गप्प जातो."

हुसेनबीनं धावत्या नूरीला पकडून मांडीवर घेतलं. तिच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला, कमरेपासून वर…

"माझी थोरली लेक. तान्हीच गेली," ती म्हणाली. "तिला मी नुसती बघत बसले होते, पोरा."