घासून नेलेली बंदूक

एका डोंगरपायथ्याच्या गावात एक म्हातारा होता आणि त्याच्या घरात एक बंदूक होती. पण ती खांद्याला लावणारा आता उरला नव्हता. म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा गावाच्या भुईमुगाची राखण करत असे. श्रावणात त्याने ताप अंगावर काढला आणि त्या तापातच तो गेला. मागे राहिले म्हातारा आणि सून.

त्या राज्यात एक नियम होता. बंदूक ज्याच्या नावावर, तो गेला की ती घरात ठेवायची नाही. एक तर विकायची, नाही तर सरकारात जमा करायची. जमा झालेल्या बंदुका कोठारात गंजत पडत आणि कधीतरी भट्टीत जात. म्हाताऱ्याला ते नको होते. त्याला ती विकायची होती, आणि तीही चांगल्या भावाने.

पैशाची त्याला फारशी निकड नव्हती. पण मुलगा हयात असताना गाव त्याच्या बंदुकीला हसत असे. ती करंगळीच्या पेराएवढ्या बारीक काडतुसाची. "ससे हाकलायची काठी!" लोक म्हणत. "आवाज असा, की सशाला वाटतं कुणी टाळी वाजवतंय!" मुलगाही त्यांच्याबरोबर हसे. बापाला मात्र ते लागे. शहरातल्या पारख्याने मोठा भाव केला, तर तो चार लोकांत सांगता येणार होता. मुलाच्या नावाने सांगण्यासारखे दुसरे काही म्हाताऱ्याला सुचत नव्हते.

त्याने बंदूक खुंटीवरून काढून उजेडात धरली. लाकडी दस्त्याचे रोगण जागोजागी उडाले होते. लोखंडावरचा निळसर काळा मुलामा विटला होता.

"असली कळकट वस्तू घेऊन गेलो, तर तो दारातूनच वाटेला लावील," तो म्हणाला.

"मामंजी, आहे तशी न्या ना," सून म्हणाली. "यांनी ठेवली तशीच आहे ती."

"घासलेल्या भांड्यालाच बाजारात मान असतो, पोरी. जन्मभर काय बघत आलोय मी?"

तो अंगणात बसला. विटकरीच्या भुकटीने त्याने नळी घासली. काचकागदाने दस्ता पार पांढरा होईपर्यंत उतरवला, त्याला जवसाचे तेल चोळले, लोखंडाला काजळी चोपडली. मुलाच्या आजारात म्हाताऱ्याच्या हातांना करण्यासारखे काही नव्हते. आता होते, म्हणून ते थांबत नव्हते. दिवस मावळायला बंदूक नवरीसारखी सजली. सुनेने एकदा तिच्याकडे पाहिले आणि ती आत गेली.

शहरातला पारखी जुन्या बंदुकांची किंमत करी. जिभेने फटकळ, पण लबाडी न करणारा, असा त्याचा लौकिक होता. त्याने बंदूक हातात घेतली, खटका मागे ओढून आत काडतूस नाही ना याची खात्री केली. मग दस्त्यावरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा पडला.

"आजोबा, हिला अंघोळ कुणी घातली?"

"मीच!" म्हातारा म्हणाला. "नवीकोरी दिसते की नाही?"

"तीच तर पंचाईत. जुनी वस्तू नवी दिसायला लागली, की गिऱ्हाईक विचारतं, काय झाकलंय?"

त्याने भिंतीवरची दुसरी एक बंदूक काढली. तीही बारीक काडतुसाचीच, आणि चांगली झिजलेली. "ही बघा. इथं गाल टेकून टेकून लाकूड काळवंडलंय. म्हणजे घाई न करता नेम धरणारा माणूस. इथं बोटांखाली लोखंड पांढरं पडलंय, पण गंज कुठं नाही. म्हणजे रोज वापरली आणि रोज पुसली. मी किंमत करतो ती यावरून. तुमच्या बंदुकीवर मला नुसता काचकागद दिसतोय."

म्हातारा खाली बघू लागला. पारख्याने बंदूक दाराशी नेली आणि नळीच्या मागच्या तोंडात बराच वेळ पाहिले.

"एवढी एक जागा मात्र तुमच्या हातून सुटली," तो म्हणाला. "या बंदुकीत आतली पिन काडतुसाच्या काठावर आपटते. काडतूस नसताना उगाच चाप ओढला, तर ती नळीलाच लागते आणि तिथं खाच पडते. बहुतेकांना असते ती. लोक बसल्या बसल्या टकटक करतात, चाळा असतो. हिला खाच नाही. फार जपणारा माणूस. कोण वापरायचं?"

"मुलगा."

पारख्याने बंदूक हळूच मेजावर ठेवली.

मुलगा हूड आहे, बेफिकीर आहे, असेच म्हातारा आजवर समजत आला होता. तो बाकाच्या कडेवर टेकला.

"आणखी काय कळलं असतं?" त्याने विचारले.

"तशीच आणली असती, तर दुप्पट दिले असते."

"भावाचं नाही विचारत मी. त्याच्याबद्दल. आणखी काय कळलं असतं?"

पारख्याने त्या गुळगुळीत लाकडावर तळवा टेकला.

"ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, आजोबा."

बंदूक निम्म्या भावात गेली. गावात शिरताना कुणीतरी हाक मारली, "काय आलं मग काठीचं?" म्हातारा न थांबता पुढे गेला.

घरी सून ओसरीवर होती. राखणीच्या माळ्यावर मुलगा जी घोंगडी पांघरत असे, ती गुंडाळून तिने काखेत घेतली होती.

"कुठं निघालीस?"

"ओढ्यावर, धुवायला. तुम्ही बंदूक पुसलीत. म्हटलं, मग ही तरी कशाला तशी ठेवायची?" तिने घोंगडी नाकाशी धरली. "वास येतो हिला, मामंजी."

म्हाताऱ्याने घोंगडी तिच्या हातातून घेतली आणि ती मांडीवर ठेवून तो उंबऱ्यावर बसला.

"येऊ दे," तो म्हणाला.

तात्पर्य: गेलेल्या माणसाच्या वस्तूवरचा प्रत्येक डाग म्हणजे मळ नसतो. घासण्याआधी नीट पाहावे. एकदा पुसलेले पुन्हा उमटत नाही.