सरांच्या पत्रातली एक ओळ

कोकणातल्या एका गावात उल्का नावाची एक मुलगी राहत होती. तिचे वडील, यशवंत मेस्त्री, खाणीवर जांभ्या दगडाचे चिरे काढायचे. त्यामुळे असेल, उल्काला लहानपणापासून दगडांचं वेड. बारावीत तिनं ठरवलं, भूगर्भशास्त्र शिकायला अमेरिकेला जायचं.

शहरात अशा कामासाठी एका सल्लागाराचं ऑफिस होतं. बापलेक तिथं जाऊन आले. सल्लागार म्हणाला, "निबंध आम्ही लिहू, शिफारसपत्रंही आम्हीच लिहू. तुम्ही फक्त फी भरा." आकडा ऐकून यशवंतराव उठलेच. परत येताना एसटीत म्हणाले, "बाय, ह्ये काय आपल्याला झेपायचं नाय."

"मग आपणच करू, बाबा," उल्का म्हणाली.

आणि तिनं केलं. ग्रंथालयाच्या सामंतबाई तिच्यासाठी अर्धा तास आधी कुलूप काढायच्या आणि तिथला एकुलता एक कॉम्प्युटर तिला द्यायच्या. तिनं एकेका विद्यापीठाचे नियम वाचले. अडलं तिथं थेट विद्यापीठालाच ईमेल केला. आणि नवल म्हणजे, उत्तरं आली! गरजूंना अर्जाची फी माफ होते, हेही तिला असंच कळलं. निबंध सहा वेळा लिहिला, पाच वेळा फाडला.

राहिलं शिफारसपत्र. विज्ञानाच्या बोडके सरांनी ते दोन पानं भरून मराठीत लिहिलं आणि तिच्याच हाती दिलं. "माझं इंग्रजी बेताचं. तू भाषांतर कर, मी सही करून पाठवतो."

वाचताना उल्काचा ऊर भरून आला. पण दुसऱ्या पानावर ती थबकली. तिथं लिहिलं होतं: 'जांभ्यात किती पाणी मुरतं, या प्रयोगाचे आकडे अकरावीत तिनं मनानंच लिहिले होते. मला पत्ताही नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः येऊन सांगितलं आणि सगळा प्रयोग पुन्हा केला.'

मैत्रीण निशिगंधा शेजारीच बसली होती. "अगं, तेवढं गाळ की! सरांना कुठं कळणार आहे?"

खरंच, सरांना कळलं नसतं. आणि नेमकं तेच उल्काला टोचलं. ज्यांनी विश्वासानं कागद हाती दिला, त्यांच्याच अडचणीचा फायदा घ्यायचा? तिनं ओळ न् ओळ इंग्रजीत उतरवली. सरांनी न वाचताच सही केली.

मार्चमध्ये नकार येऊ लागले. एक, दोन, पाच. प्रत्येक वेळी तिला ती ओळ आठवे. मग सहाव्या विद्यापीठाचा होकार आला, पूर्ण शिष्यवृत्तीसह. खाली प्रवेश समितीच्या बाईंनी लिहिलं होतं: 'हुशार मुलांची पत्रं आमच्याकडे ढिगानं येतात. खोटे आकडे कबूल करणारी मुलगी आणि ती कबुली पत्रात लिहिणारे शिक्षक क्वचितच भेटतात. सरांना आमचा नमस्कार सांग.'

उल्का धावतच सरांच्या घरी गेली. ऐकून सरांनी चष्मा काढून पुसला.

"खरं सांगू? पत्र दिलं आणि मला पस्तावा झाला. वाटलं, माझ्या खरेपणापायी पोरीचं नुकसान व्हायचं. म्हणून सही करताना वाचलं नाही. तू ती ओळ गाळली असशील तर बरंच, असं मनात होतं."

उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "गाळावीशी वाटली होती, सर. पण चूक सांगायला आले, तेव्हा तुम्ही मला रागावला नाहीत. प्रयोग पुन्हा करायला प्रयोगशाळेची किल्ली हातात ठेवलीत. मी तिथवर जातेय ती त्या किल्लीमुळे."

एवढं बोलून तिनं वाकून नमस्कार केला.

तात्पर्य: ज्यांनी विश्वासानं हात दिला, त्यांच्या पाठीमागेही खरं वागणं, हीच खरी कृतज्ञता.