उजव्या खुर्चीतला आवाज

एकदा एक वृद्ध वैमानिक होते. अडतीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या विमानाला साधा ओरखडाही आला नव्हता. निवृत्तीनंतर ते नव्या वैमानिकांना शिकवीत, आणि त्यांच्या शब्दाला एवढे वजन होते की ते 'हो' म्हणाले, की मोठमोठे अधिकारीही पुढे वाद घालत नसत.

एके दिवशी त्यांच्याकडे एका विमान कंपनीचे मालक आले. गृहस्थ मोठे उत्साही, आणि उत्साही माणसाला घाई असायचीच. ते म्हणाले, "कॅप्टन, आता यंत्रंच विमान उडवतात. उजवीकडचा सहवैमानिक म्हणजे लग्नातली करवली. मान मोठा, काम काही नाही. विमानात एकच वैमानिक पुरे, एवढं आपण लिहून द्या. उदाहरण आपलंच आहे की! अडतीस वर्षांत एक चूक नाही."

"उद्या सकाळी माझ्या एका विद्यार्थिनीची शेवटची परीक्षा आहे," वृद्ध म्हणाले. "ती पाहा. मग लिहू."

ही विद्यार्थिनी परभणीच्या एका एसटी चालकाची मुलगी. नापास झाली तर तिचे अख्खे वर्ष वाया जाणार होते. परीक्षा सिम्युलेटरमध्ये, म्हणजे हुबेहूब विमानाच्या कॉकपिटसारख्या, पण जमिनीवरच्या खोलीत होती. डाव्या खुर्चीत गुरू, उजव्या खुर्चीत ती, आणि मागे मालक बसले.

समोरच्या पडद्यावर दाट ढग होते आणि ढगांत डोंगर. नकाशा सांगत होता, डोंगर ओलांडेपर्यंत साडेपाच हजार फुटांच्या खाली यायचे नाही. गुरूंनी शांतपणे यंत्रावर चार हजारांचा आकडा लावला. विमान खाली जाऊ लागले.

मुलीने नकाशा पुन्हा पाहिला. सरांची चूक कशी होईल? आपणच नकाशा चुकीचा वाचला असेल. आज परीक्षा, मागे मालक बसलेले. दोन श्वास ती गप्प राहिली.

मग म्हणाली, "सर, डोंगर अजून पुढे आहे. साडेपाच हजारांच्या खाली नको."

गुरू काहीच बोलले नाहीत. तिने पुन्हा, मोठ्याने सांगितले. तरी ते गप्पच. तेव्हा ती म्हणाली, "विमान माझ्या ताब्यात," आणि तिने ते वर उचलले.

"हा उद्धटपणा आहे," मालक मागून म्हणाले. "एवढ्या थोर माणसाच्या हातून विमान हिसकावून घेतेस?"

गुरू उठले. त्यांनी हात जोडले आणि आपल्या विद्यार्थिनीपुढे ते वाकले. मालकांना काही उमगेना.

"साहेब, आजची चूक मी मुद्दाम केली," गुरू म्हणाले. "अडतीस वर्षांत केल्या, त्या मुद्दाम नव्हत्या. आठवतात अशा अकरा. एकदा उतरताना चाकं खाली घ्यायची राहिली होती. एकदा भलत्याच धावपट्टीकडे निघालो होतो. दर वेळी उजवीकडून कुणीतरी म्हणालं, 'सर, थांबा.' मी थांबलो. लोकांनी त्याला माझं कौशल्य म्हटलं आणि मीही निमूट हार घालून घेतले. यंत्राला मी चार हजार सांगितलं, ते इमानाने चार हजारांकडे निघालं. डोंगर अगदी जवळ आला की तेही ओरडतं. पण माझं ऐकायचं नाही, हे या मुलीने त्याच्या कितीतरी आधी ठरवलं. माझं वय, स्वतःची परीक्षा, तुमचा हुद्दा, सगळं बाजूला ठेवून. तिच्यापुढे वाकायचं नाही, तर कुणापुढे?"

सहीसाठी आणलेला कागद मालकांनी घडी घालून खिशात ठेवला.

"मला असं कुणी थांबवत नाही," ते हळूच म्हणाले. "माझ्या शेजारी कुणी बसतच नाही."

मुलीने भीतभीत विचारले, "सर, मी पास?"

"पास. पण आकडा लावल्यावर तू दोन श्वास गप्प होतीस. ते माझ्या मानापायी. पुढच्या वेळी मला एवढा मान देऊ नकोस. मागे दीडशे माणसं बसलेली असतात."

पायांशी वाकायला निघालेली ती तशीच थांबली आणि ताठ उभी राहून म्हणाली, "हो, सर."