खुडूक कोंबडी आणि पांढरा दगड

एका राज्यात एक राजा होता आणि त्याची राणी होती पद्मलेखा. एका मांत्रिकाने रागाच्या भरात त्यांच्या तान्ह्या लेकीचा अंड्याएवढा पांढरा दगड करून टाकला. म्हणाला, "काहीही न मागता एकवीस दिवस जो याला ऊब देईल, त्याच्यापाशी ही जागी होईल. वर्ष सरलं, की दगड तो दगडच."

राजाने अर्ध्या राज्याची दवंडी पिटली. मग काय विचारता, ऊब द्यायला रीघ लागली. पण ज्याला त्याला राज्य हवं! राणीने दगड उराशी धरला. तिला लेक हवी होती, आणि तेही मागणंच की हो. दगड गार तो गारच. वर्षाचे बावीस दिवस उरले.

तिकडे परसात कोंबड्या राखणारी भिवराबाई वेगळ्याच तापात होती. तिची तांबडी कोंबडी खुडूक बसलेली. खाली ना अंडं ना काही, पण उठायचं नाव नाही. भिवरेने तिला गार पाण्यात बुचकळलं. पिसं झटकून ती परत बसली. दिवसभर डालग्याखाली कोंडलं. डालगं उचलताच जागेवर हजर. खुराडं बंद केलं, तर दाराशी मातीतच बसली. भिवराबाईने हात टेकले.

"बये, खाली काही नाही. कशाला जीव सुकवतेस?"

"अंगात ऊब आलीय," कोंबडी म्हणाली. "कुणाला तरी द्यायला हवी."

भिवरा उठली ती थेट महालात गेली.

"माझी लेक कोंबडीखाली ठेवू?" राणी म्हणाली.

"तिला काही नको आहे, राणीसाहेब. म्हणून म्हणते."

दगड कोंबडीखाली गेला. भिवरा चोचीशी दाणे नेई, वाटीने पाणी पाजी. कोंबडी वाळत चालली, तिला पाहून भिवरेचा जीव तुटे. एकविसाव्या दिवशी दगड तडकला. गवतात बाळ हातपाय हलवत होतं, आणि त्याच्या छातीवर पंख पसरून कोंबडी बसली होती.

राणी धावली, हात पुढे केला. कोंबडीने कडकडून चोच मारली. आता हिची मान जाणार, असं भिवरेला वाटलं.

राणी बोटाचं रक्त न पुसता खाली मातीत बसली. मग हळूच म्हणाली, "बाई गं, तुझं झालं, की मला देशील?"

कोंबडीने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं आणि आपणहून उतरली.

त्या राणीची कूस जशी पुन्हा उबदार झाली, तशी ऐकणाऱ्या साऱ्यांची होवो.