वेडीवाकडी भाकरी

"मग गृहपाठ देणं बंदच करून टाकू का, बाबा?"

दाभेरे सर विचारत होते. तालुक्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवतात, आणि आदर्श शिक्षकाचा पुरस्कार त्यांना मिळालाय हे भेटणाऱ्याला बसता बसताच कळतं. मठातल्या केसोबाबांनाही कळलं. बाबा 'बरं' म्हणाले आणि भिक्षेची झोळी झटकत राहिले.

पण सरांचं दुखणं खरं होतं. वर्गातली पोरं मोबाईलवरच्या एआयला प्रश्न विचारतात आणि उत्तर जसंच्या तसं उतरवून आणतात. एकदम बिनचूक. एकटी प्रणोती स्वतःच्या डोक्याने लिहिते, चुकते, आणि सगळ्यांत कमी गुण घेते. परवा तिने विचारलं, सर, मीसुद्धा आता मोबाईलवरूनच आणू का? रडत नव्हती, सरळ विचारत होती. सर सोमवारी सांगतो म्हणाले आणि सुटले.

"सोमवारी काय सांगू तिला?"

बाबांनी झोळी सरांच्या खांद्याला अडकवली. "माझे गुडघे धरलेत. आज भिक्षेला तुम्ही जा."

"मठाचं कोठार भरलेलं आहे की, बाबा..."

"आहे तर," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

गेले बिचारे. पुरस्कारवाला माणूस दारोदार, मान खाली घालून. परतले तेव्हा घामाने भिजले होते आणि रागावलेही होते.

बाबांनी झोळी सोडली. वर मऊ, गोल पोळ्या होत्या, सगळ्या एकसारख्या. चौकात पोळीभाजी केंद्र निघाल्यापासून निम्म्या आळीने तवा टांगून ठेवलाय. खाली एक भाकरी निघाली. कड जळालेली, आकार कसला ते देव जाणे. एका घरी लहान मुलीने ती पहिल्यांदाच थापली होती, आई पुढे ढकलत होती आणि पोरगी लाजून देत नव्हती, असं सरांनी सांगितलं.

बाबांनी पोळी आणि भाकरी दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या. भूक लागलेली, सर मुकाट्याने जेवले.

"पोळी कशी आहे?"

"चांगली आहे."

"त्या घरी काही सांगायचंय?"

"काय सांगणार? चांगली आहे."

"आणि भाकरी?"

सर चावत होते. शिकत असताना खोलीवर त्यांनी स्वतःच भाकऱ्या थापल्या होत्या, त्यामुळे बोलायला लागले ते थांबेनात. पीठ गरम पाण्यात मळायला हवं होतं. आच मोठी ठेवली म्हणून कड जळाली आणि मधे कच्ची राहिली. हात कडेकडेने फिरवायचा असतो, शेजारी बसून एकदा दाखवलं तर जमेल तिला, हात चांगला आहे पोरीचा, फक्त...

सर हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले.

"प्रणोतीची वही..." ते हळूच म्हणाले. सरांचे डोळे भरून आले होते, राग कुठल्या कुठे गेला होता.

बाबांनी उरलेली भाकरी मोडून तोंडात टाकली. सावकाश चावली. मग झोळीची घडी करून ती सरांच्या हातात दिली.

"उद्या परत त्याच दारात जा, मास्तर. उद्याची जरा गोल असेल."